मुरुमाच्या मलमापासून रक्तापर्यंत

चिकलठाणा म्हटलं की संभाजीनगरकरांना विमानतळ आठवतो, नाहीतर एमआयडीसी. याच एमआयडीसीत वोक्हार्टची संशोधनशाळा आहे आणि 'एमरॉक' नावानं विकलं जाणारं लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक तिथलंच. पण त्याचा पूर्वज जपानी. नॅडिफ्लॉक्सासिन हे ओत्सुका कंपनीचं मलम 1993 पासून जपानमध्ये मुरुमांवर वापरलं जातं.

तोंडाच्या पुटकुळ्यांवरचं औषध शिरेतून द्यायचं, हे आजही ऐकायला धाडसाचंच वाटतं. या रेणूची दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं. जंतू मारण्याचं बहुतेक काम त्यांतलं एकच करतं. वोक्हार्टच्या शास्त्रज्ञांनी नेमकं तेच घेतलं आणि आर्जिनिन या अमिनो आम्लासोबत त्याचा क्षार केला, तेव्हा ते पाण्यात विरघळून इंजेक्शनजोगं झालं. पुढं अ‍ॅलानिन जोडून त्याची गोळीही निघाली.

एवढा खटाटोप कशासाठी, हे हृदयाच्या झडपेचा संसर्ग पाहिला की कळतं. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. जंतू तिथं गुठळीत दडतात, कृत्रिम झडपेवर तर चिकट थर धरून बसतात. म्हणून सलाईनमधून चार ते सहा आठवडे औषध चालतं. काही जंतू उरले तर तोच आजार उलटतो. कधी तो पूर्ण बरा होऊन नवा जंतू येतो. त्यात एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस असला, तर मुख्य भिस्त व्हँकोमायसिनवर. बोर्निओच्या मातीतून 1950च्या दशकात सापडलेलं हे औषध जंतू सावकाश मारतं आणि मूत्रपिंडावर सतत लक्ष ठेवायला लावतं. प्रयोगशाळेत लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन एमआरएसएला मारतं, आम्लयुक्त जागी आणि चिकट थरातही. आशा आहे ती इथं.

लिनेझोलिड या दुसऱ्या प्रतिजैविकाशी तुलना करणारी चाचणी भारतात झाली आणि 2020च्या जानेवारीत औषध नियंत्रकांनी मान्यता दिली. ती त्वचेच्या व मधुमेही पायाच्या संसर्गासाठी, त्यासोबत जंतू रक्तात पसरले असले तरीही. त्या मान्यतेत झडपेचं नाव नव्हतं. रक्तातल्या जंतूंवर चालतं म्हणजे झडपेवरही चालेलच, असं गृहीत धरून हे इंजेक्शन लिहिणं मला घाईचं वाटतं. त्यासाठी झडपेच्याच रुग्णांवर वेगळी चाचणी हवी.