सात वर्षं झाली की ट्रक कोणाचा?

तर राजेहो, आजचा विषय रिकॉल. विकून झालेल्या गाडीत दोष सापडला की कंपनीने ती परत बोलवायची आणि फुकटात दुरुस्त करून द्यायची, याला रिकॉल म्हणतात. फोनमधला बग रात्रीतून अपडेट येऊन जातो. डिझेलच्या पाइपला अपडेट पाठवता येत नाही. त्यासाठी आधी ट्रकचा मालक सापडावा लागतो.

डिझेल पेट्रोलसारखं भसकन पेटत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार बारपेक्षा जास्त दाबाखाली असतं. पाइपला बारीक तडा गेला तरी फवारा उडतो आणि तो तापलेल्या टर्बोवर पडला की आग लागू शकते. इंधन पेटलं की काय होतं, ते आपल्या वऱ्हाडाने पाहिलंय. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. ते रिकॉलचं प्रकरण नव्हतं, अपघात होता. पण अशा वेळी बाहेर पडायला किती कमी वेळ मिळतो, हे त्यातून कळतं.

आता इतिहास. अमेरिकेत वाहन सुरक्षेचा कायदा १९६६ मध्ये आला. मागून धडक बसली की इंधनाची टाकी फुटून पेट घेते, या दोषासाठी फोर्डने १९७८ मध्ये पिंटो आणि तिच्या जोडीच्या मॉडेलच्या सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या.

आपल्याकडे २०१० मध्ये काही नॅनो गाड्यांना आगी लागल्या. टाटा मोटर्सने जादा सुरक्षा भाग फुकट बसवून दिले, पण याला रिकॉल म्हणायचं नाही, अशी भूमिका घेतली. तेव्हा सक्तीचा कायदाच नव्हता. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने ऐच्छिक नियमावली आणली. मोटार वाहन कायद्यात ११०-अ हे कलम आलं २०१९ च्या दुरुस्तीने आणि नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ पासून. आता सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे.

मेख इथेच आहे. सक्तीचा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू होतो. अमेरिकेत फुकट दुरुस्तीची मुदत १५ वर्षं आहे. आता अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या ट्रान्सपोर्ट नगरात उभा असलेला जुना ट्रक डोळ्यांसमोर आणा. पहिला मालक मोठा ट्रान्सपोर्टर. मग ट्रक दुसऱ्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे. हा तिसरा स्वतःच गाडी चालवतो आणि हप्ते फेडतो. ट्रक त्याच्या हातात येईपर्यंत कायद्याची सात वर्षं संपलेली असू शकतात. त्यातून आरसी अजून जुन्याच नावावर असेल, तर कंपनीचं पत्रही भलत्याच घरी जातं.

म्हणजे कायदा आला, पण ज्याला नवा ट्रक परवडत नाही त्याच्यापर्यंत तो पुरता पोचला नाही. ही मुदत वाढायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तोवर एक करा. घरात, ओळखीत कोणाचा ट्रक असेल, तर आरसी त्याच्या नावावर झाली का ते विचारा. आरसीवरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या डीलरकडे चौकशी करा: या नंबरवर रिकॉलचं काम बाकी आहे का? कंपनीने स्वतःहून केलेल्या रिकॉलमध्ये जुनी गाडीही असू शकते. एका फोनचं काम आहे.

भेटू पुढच्या भागात.