टॅरो वाचन : प्रारंभिक अभ्यास आणि साधने

टॅरो हा ७८ चित्रमय पत्त्यांचा कॅट असून, तो पिसून काही पत्ते ठरावीक क्रमाने मांडणे आणि त्यांवरील चित्रांच्या आधारे पृच्छकाच्या प्रश्नाचा अर्थ लावणे, या पद्धतीला टॅरो वाचन म्हणतात. कॅटाचे दोन भाग असतात. ‘मूर्ख’ ते ‘जग’ या २२ स्वतंत्र प्रतिमांच्या गटाला मेजर आर्काना म्हणतात, तर उरलेल्या ५६ पत्त्यांचा मायनर आर्काना दंड, चषक, तलवार आणि नाणे या चार रंगांत विभागलेला असतो. प्रत्येक रंगात एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने आणि पेज, नाइट, राणी व राजा ही चार दरबारी पाने येतात.

टॅरोचा उगम पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पत्त्यांच्या खेळातून झाला. त्या खेळात आजच्या मेजर आर्कानातील २१ पाने हुकमाची असत आणि ‘मूर्ख’ हे वेगळ्या नियमाने खेळले जाई. फ्रान्स व ऑस्ट्रियात टॅरोचे खेळ आजही खेळले जातात. या पत्त्यांत प्राचीन ईजिप्तचे ज्ञान दडले असल्याचा दावा फ्रेंच लेखक कूर द जेबलँ याने १७८१ मध्ये केला. ईजिप्तची चित्रलिपी तोवर कोणाला वाचता येत नव्हती आणि या दाव्याला पुरावाही नव्हता. तरीही त्याच सुमारास एतेया या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाने टॅरोवरून भविष्यकथनाची पद्धत प्रसिद्ध केली आणि या विद्येला गूढवादी वळण लागले.

नवशिक्याने कॅट निवडताना मायनर आर्कानाची चित्रे प्रथम पाहावीत. मार्सेय परंपरेच्या कॅटात चषकांच्या पंजीवर पाच चषक आणि वेलबुट्टी एवढेच असते, त्यामुळे अर्थ संख्या व रंग यांवरून बसवावा लागतो. १९०९ मध्ये लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेल्या, आर्थर एडवर्ड वेट यांनी योजलेल्या आणि पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या कॅटात मात्र त्याच पंजीवर काळा झगा पांघरलेली व्यक्ती तीन कलंडलेल्या चषकांकडे खिन्नपणे पाहताना दिसते. तिच्या पाठीमागे दोन चषक उभे आहेत आणि पलीकडे नदीवर पूल आहे. झालेली हानी, उरलेले काही आणि पुढे जाण्याची वाट हे तिन्ही चित्रातच असल्याने अर्थ पाठ करावा लागत नाही. म्हणूनच इंग्रजीतील बहुतेक प्रारंभिक पुस्तके हाच कॅट समोर ठेवून लिहिलेली आहेत.

कॅट आणि पुस्तक एकाच परंपरेचे असणे आवश्यक असते. मार्सेय कॅटात ‘न्याय’ आठवा व ‘सामर्थ्य’ अकरावा असतो, तर वेट यांनी या दोहोंच्या क्रमांकांची अदलाबदल केली. ॲलिस्टर क्रोली यांच्या थॉथ कॅटात राजा हे दरबारी पान नाही, शिवाय काही पत्त्यांची नावेही निराळी आहेत. त्यामुळे एका परंपरेचे पुस्तक उघडून दुसरीचा कॅट वाचणारा गोंधळतो. वेट यांच्या स्वतःच्या ‘द पिक्टोरियल की टु द टॅरो’ या ग्रंथातील मायनर पत्त्यांचे अर्थ त्रोटक असल्याने तो संदर्भापुरता ठेवून एडन ग्रे यांच्या ‘टॅरो रिव्हील्ड’ (१९६०) या सुबोध पुस्तकाने सुरुवात करणे सोयीचे जाते. चित्रांचे सखोल विवेचन रेचल पोलक यांच्या ‘सेव्हन्टी-एट डिग्रीज ऑफ विज्डम’ (दोन भाग, १९८० व १९८३) या ग्रंथात, तर स्वाध्यायासाठी आखलेले पाठ मेरी ग्रीअर यांच्या ‘टॅरो फॉर युवर सेल्फ’ (१९८४) या पुस्तकात मिळतात. इतिहासासाठी तत्त्वज्ञ मायकल डमेट यांचा ‘द गेम ऑफ टॅरो’ (१९८०) हा ग्रंथ विश्वसनीय मानला जातो.

अभ्यास रोज एक पत्ता काढून, पुस्तक उघडण्यापूर्वी चित्रात दिसेल ते वहीत नोंदवण्याने सुरू करतात आणि पुढे परिस्थिती, अडचण व उपाय अशा तीन पत्त्यांच्या मांडणीकडे वळतात. वेट यांनी प्रचलित केलेली सेल्टिक क्रॉस ही दहा पत्त्यांची मांडणी आणि उलट्या पडलेल्या पत्त्यांचे वेगळे अर्थ सुरुवातीला बाजूला ठेवले तरी चालते. प्रश्न ‘होईल का’ असा विचारण्यापेक्षा ‘काय लक्षात घ्यावे’ असा विचारल्यास चित्रांना बोलायला वाव राहतो.

टॅरोतून भविष्य कळते याला शास्त्रीय आधार नाही. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये सर्व विद्यार्थ्यांना एकच मोघम स्वभाववर्णन स्वतंत्र निष्कर्ष म्हणून दिले, तेव्हा बहुतेकांना ते स्वतःला तंतोतंत लागू वाटले. वाचन ‘अचूक’ भासण्यामागील एक कारण यातून उलगडते. त्यामुळे आजार, कायदा किंवा पैसा यांसंबंधीचे निर्णय पत्त्यांवर सोपवू नयेत, आणि जे पुस्तक खात्रीच्या भाकितांचे आश्वासन देते किंवा ईजिप्तची कथा इतिहास म्हणून सांगते, ते नवशिक्याने टाळावे.