धूर घालवायचा की जाळायचा?



परवा घरी आलेल्या एका मैत्रिणीनं परसातली चूल पाहिली आणि विचारलं, "गॅस असताना ही कशाला गं?" तिला दारात उभ्यानं दोन वाक्यांत काय सांगणार? पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले.

मी १९८३ साली लग्न होऊन पौडला आले. पुण्यात बी.कॉम. झालेली, गॅसवर वाढलेली. इथे पुढे किराणा दुकान, मागे घर, त्याच्यामागे परस. सासूबाईंची चुलीजवळची शिस्त पाहून मी आधी घाबरलेच होते. प्रत्येक लाकूड आपटायचं, पुंजणीनं झटकायचं, भेगेत मुंगी-वाळवी नाही ना ते उजेडात धरून बघायचं आणि मगच चुलीत सारायचं. वर्षभराचं सरपण चातुर्मासाच्या आत फोडून माळ्यावर चढलंच पाहिजे. ओल्या लाकडावर लीलन-फुलन धरते, ती जाळायची म्हणजे अनंत जीवांचा घात. मुळशीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. ताम्हिणीकडून एकदा भरून आलं की आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. सासूबाईंचा हा नियम धर्माचा होता, पण चुलीच्या शास्त्रातही तो पहिलाच धडा आहे, हे मला फार नंतर कळलं. ओल्या लाकडातली बरीच आच त्यातलंच पाणी उकळवण्यात जाते.

पुढे घरात गॅस आला. तरी उकाळलेल्या पाण्याचं पातेलं परसातल्या तीन दगडांवरच राहिलं. आमच्याकडे सगळे उकाळलेलं पाणी पिणारे. विहारात साध्वीजी आल्या तर त्यांनाही आपल्यातलंच वहोरावायचं, कारण त्यांच्यासाठी म्हणून केलेलं त्यांना चालत नाही. पर्युषणात तर दोन-दोन पातेली. एवढं सगळं सिलिंडरवर करायचं तर नंबर लावून वाट बघत बसावं लागे. लाकूड स्वस्त होतं आणि फुंकायला मावशी होत्या.

या मावशी आमच्याकडे वीस वर्षं आल्या. त्यांच्या आजोळची जमीन मुळशीच्या तलावाखाली आहे. आमच्या पिढीला तलाव म्हणजे पावसाळी सहलीची जागा वाटते, म्हणून थोडं सांगते. टाटा कंपनीनं मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं ते मुंबईला वीज हवी म्हणून. मावळातल्या शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. लढा हरला. धरण १९२७मध्ये पुरं झालं, पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरवलं, तिथे वीज झाली आणि मुंबईला गेली. ज्यांची भातखाचरं त्या पाण्यात गेली त्यांच्या लेकीसुना पुढची कित्येक वर्षं तीन दगड मांडून फुंकत बसल्या. मावशी त्यांच्यातल्याच.

त्यांना खोकला होता. आधी फक्त थंडीत असायचा, मग बारमाही झाला. मी तुळस-आलं दिलं, हळद-दूध दिलं, नुसतं देतच राहिले. २०१०च्या सुमाराला त्या दोन पायऱ्या चढून धापा टाकायला लागल्या तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "बिडी किती वर्षं ओढता?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी उभ्या जन्मात बिडीला हात लावला नव्हता.

डॉक्टरांना मी सांगितलं की या चुलीशी असतात. पण कुणाच्या चुलीशी, ते सांगितलं नाही. घरी येऊन मी हिशेब मांडला. कॉमर्सवाल्यांना दुसरं येतं काय! वीस वर्षं गॅस वाचवला असं मी समजत होते. खर्च झालाच होता, फक्त तो आमच्या वहीत न पडता मावशींच्या छातीत पडला. आम्ही लाकडावरची मुंगी पुंजणीनं अलगद बाजूला केली, आणि त्याच लाकडाच्या धुरात एका पंचेंद्रिय जीवाला रोज तासभर बसवलं. जयणा, जयणा म्हणतो ती कुठे गेली होती?

तेव्हापासून मी चुलीविषयी मिळेल ते वाचायला लागले. त्यातून कळलं की आपल्याकडे या प्रश्नावर फार आधीपासून डोकी चालली होती. वर्ध्याला जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला आणि कुमारप्पांनी तो चालवला. तिथली 'मगन चूल' जुन्या पिढीला माहीत असेल. हैदराबादला एस. पी. राजूंनी धुराडं असलेली चूल केली, १९५३मध्ये त्यावर पुस्तिकाही काढली. तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. पुढे १९८३ साली केंद्र सरकारनं राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम आणला. तो २००२पर्यंत चालला, तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ नंतर वापरात राहिल्या नाहीत. अनुदानावर आलेली वस्तू, आकडा पुरा करायची घाई, धुराडं कुणी साफ करायचं याचा पत्ता नाही.

मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या शेजारी गवंड्याकडून अशीच धुराड्याची सिमेंटची चूल बसवून घेतली होती. पहिल्या जूनमध्येच छपराच्या भोकातून पाण्याची धार थेट भाकरीच्या तव्यावर. शेजारणीनं भोकात गोणपाट कोंबलं आणि चूल पुन्हा घरातच धूर सोडायला लागली. मुळशीत छपराला भोक पाडा म्हणणाऱ्यानं आधी इथला एक श्रावण काढावा, मग बोलावं.

पण खरी गोष्ट त्याच्याही पुढची. या बहुतेक चुलींचा सगळा भर धूर घराबाहेर घालवण्यावर होता. धूर म्हणजे काय, तर न जळलेलं लाकूड. लाकूड तापलं की आधी त्यातून वायू निघतो. वाळल्या लाकडाच्या वजनातला मोठा हिस्सा, तीन चतुर्थांशाच्या आसपास, असा वायू होऊन उठतो आणि कोळसा मागे उरतो. आच पुरेशी कडक असेल आणि हवा मिळाली तर हा वायू पेटतो, तीच ज्योत. आच मंद असेल तर तोच धूर होऊन डोळ्यात जातो. तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतली साधारण दहा टक्केच पातेल्याला लागते. बाकीची वाऱ्यावर. पण धूर आणि जादा सरपण हे दोन वेगळे रोग. आच कडक केली की धूर कमी होतो, आणि ती भांड्याला नीट लागली की सरपण.

गंमत म्हणजे हे आपल्या घरात आधीपासून होतं. तांब्याचा बंब आठवा! खाली जाळी, मधोमध नळी, भोवती पाणी. जाळीखालून हवा येते, नळीतून वर ओढ लागते, आणि चार काटक्या, दोन गोवऱ्यांत आंघोळीचं पाणी कढत होतं. बंबाला कधी फुंकणी लागली का? लग्नाच्या पंगतीला आचारी जमिनीत चर खणतात तेही उगाच नाही. वारा लागत नाही, दोन्ही बाजूंची माती आच धरून ठेवते, आणि वाऱ्याकडचं तोंड उघडं ठेवलं की हवा आपोआप शिरते. आणि चुलीशेजारचा वैल, ज्यावर आमटी ऊन राहते, तो तरी काय आहे? एका जाळात दुसरं भांडं.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे, म्हणजे महर्षी कर्व्यांचे नातू आणि इरावतीबाईंचे चिरंजीव, यांनी १९९६मध्ये 'आरती' ही संस्था सुरू केली. त्यांची कन्या प्रियदर्शिनीताई भौतिकशास्त्राच्या, त्यांनीही चुलींवर खूप काम केलं. या संस्थेनं 'लक्ष्मी' नावाच्या दोन भांड्यांच्या चुलीचा प्रसार केला. मला त्यातली साच्याची गोष्ट फार पटली. कुंभार आणि बायका साच्यात चूल घालायला शिकल्या, म्हणजे माप चुकत नाही. चुलीत दोन बोटांचा फरक पडला तरी ओढ बिघडते. उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याच्या पद्धतीला २००२मध्ये इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला तोही याच संस्थेला. 'सराई' नावाचा त्यांचा वाफेचा कुकर शंभरेक ग्रॅम कोळशावर पाच माणसांचा वरण-भात-भाजी शिजवतो. फडात पाचट पेटवलं की किती जीव होरपळतात ते कोल्हापूर-सांगलीकडच्या बहिणींना सांगायला नको.

मी केली ती चूल मात्र अमेरिकी वळणाची. लॅरी विनियार्स्की नावाच्या गृहस्थांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑरेगॉनमध्ये ती बसवली, तिला रॉकेट चूल म्हणतात. नाव भारी, वस्तू साधी. आत इंग्रजी एल अक्षरासारखी नळी, आडव्या तोंडातून काटक्या, उभ्या भागात ज्योत. पहिल्या वेळी मी भक्कम हवी म्हणून विटा-मातीची जाड भिंत घातली आणि फसले. अर्धा तास भिंतच तापत बसली, पाणी कोमटच! जाड माती आच खाते. मग कुंभाराकडून मातीत भाताचा तूस कालवून नळी करून घेतली, आतून साडेचार इंच रुंद. भट्टीत तूस जळून जातो, बारीक पोकळ्या राहतात, नळी हलकी होते आणि आच आतच कोंडते. ती नळी दुकानातल्या पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात उभी केली आणि भोवती चाळलेली राख भरली. तोंडात पत्र्याची फळी, काटक्या फळीवर आणि हवा फळीखालून. पातेलं वर टेकवायचं नाही, अर्ध्या इंचाच्या तीन खड्यांवर ठेवायचं.

दुकानातला काटा आणून दोन्हीकडे लाकूड तोललं. दहा लिटर पाण्याला तीन दगडांवर दोन किलो दोनशे ग्रॅम लागलं, नव्या चुलीला किलोला थोडं वर. अग्नी पेटवला की तेउकायाची विराधना आहेच, गृहस्थाला ती टळत नाही. निम्म्यावर आली, एवढंच मी स्वाध्यायात महाराजसाहेबांना सांगितलं.

मावशी दोन दिवस त्या डब्याकडे संशयानं बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा उचलून तोंड पश्चिमेकडून दक्षिणेला वळवलं. "वारा तिकडून येतो, ताई, जाळ उलटा येईल." माझ्या वाचनात हे कुठे नव्हतं. आणि लाकडं बोटाएवढी बारीक फोडावी लागतात, ती कटकट आहे, हेही त्यांनीच तोंडावर सांगितलं. खरं आहे. मोठं ओंडकं सारून दुसऱ्या कामाला जायची सोय या चुलीत नाही.

त्यांचा खोकला गेला नाही. डॉक्टर म्हणाले, झालेलं नुकसान भरून येत नाही, पुढचं थांबतं. १९८०च्या दशकातच कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञानं गुजरातच्या खेड्यांत रांधणाऱ्या बायकांच्या अंगाला यंत्र लावून धूर मोजला होता. तेव्हा मी पौडला नवी सून होते. वाचलं असतं तर, असं वाटतं खरं.

आता मावशी कामाला येत नाहीत. उज्ज्वला योजनेतलं सिलिंडर त्यांच्या घरी आहे, सणाला आणि पाहुण्यांना. रोजची भाकरी अजून लाकडावरच. गेल्या उन्हाळ्यात त्यांची सून माप न्यायला आली. तिला मी डबा दिला आणि कुंभाराचं घर दाखवलं. जाताना तिनं विचारलं, दोन तव्यांची करता येईल का. त्यावर आता आम्ही दोघी डोकं चालवतोय. तुमच्यापैकी कुणाच्या माहेरी जुन्या पद्धतीची वैलाची चूल अजून नांदती असेल, तर जाळाच्या तोंडापासून वैलापर्यंतची वाट किती इंच आणि किती चढी आहे, तेवढं मोजून मला जरूर कळवा.