काडीनं वसवलेलं अंगण

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात काय झालं, ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचा जाड थर दिलेलं माळवद. घरंच माणसांच्या अंगावर आली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, बावन्न गावं दुसऱ्या जागी वसवावी लागली. गेलेल्या माणसांची, पडलेल्या घरांची, आलेल्या मदतीची नोंद झाली. मागं राहिलेल्या झाडांची झालेली मी कुठं वाचली नाही. आमच्या पडक्या घरामागचा शेवगा, आडाजवळची जास्वंद, देवळाच्या वाटेवरचा पांढरा चाफा हे सगळे उभेच होते. उठलो ते आम्ही. आधी पत्र्याच्या शेडमध्ये आणि मग आखून दिलेल्या सरळ रस्त्यांच्या नव्या गावात आलो, तेव्हा दारात सावलीला काही नव्हतं. वाढलेलं झाड उपटून नेता येत नाही. त्याची फांदी नेता येते, आणि फांदीतून तेच झाड पुन्हा उभं राहतं. नव्या किल्लारीतली कितीतरी अंगणं अशीच भरली असं मी मानते; आमचं तर नक्कीच.

हे काम आमच्या घरी माझ्या सासूबाईंचं. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. मृगाचे दोन पाऊस झाले, की त्या जुन्या गावठाणात जायच्या. शेवग्याचा मनगटाएवढा जाड खुंट तिरपा तोडायचा. वरच्या कापावर शेण आणि चिकणमातीचा लेप थापायचा, खालच्या टोकाला चुलीतली राख चोळायची. चाफ्याची फांदी मात्र लगेच मातीत घालायची नाही. चीक गळून काप सुकेपर्यंत ती दिवस-दिवस सावलीला पडू द्यायची, नाहीतर कुजते. जास्वंदीची काडी पेन्सिलीएवढी, वर दोन पानं ठेवून बाकीची काढलेली, दोन डोळे मातीखाली जातील अशी न्हाणीच्या ओलीजवळ रोवायची. मी घाईनं काडी उचलली की त्या म्हणायच्या, "सूनबाई, काडीलाबी डोकं अन् पाय असतेत. उलटी लावलीस तर जगंल कशी?"

त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांचं हे शेण किती जुनं, ते मला पुढं 'बृहत्संहिता' वाचताना कळलं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं त्या ग्रंथात वृक्षायुर्वेदाला एक अध्याय दिला आहे. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग, माधवीलता ही झाडं फांदीला शेण माखून लावावीत, असं तो सांगतो. लगेच पुढं दुसऱ्या झाडाच्या मुळावर किंवा खोडावर कलम बांधण्याची रीत येते. उपटून दुसरीकडे लावायच्या झाडाला तूप, वाळा, तीळ, मध, वावडिंग, दूध आणि शेण यांचा मुळापासून खोडापर्यंत लेप द्यावा, आणि झाडाचं तोंड पूर्वी ज्या दिशेला होतं त्याच दिशेला ठेवावं, हेही त्यात आहे. फणसाची किंवा जांभळाची काडी फुटलेली मी आमच्या भागात पाहिलेली नाही. डाळिंब, द्राक्ष आणि महाळुंग यांच्याबद्दल मात्र त्याचं म्हणणं आजही शेतात खरं ठरतं. चौदाशे वर्षांहून जुनी ही रीत पोथीतून आत्याबाईंपर्यंत आली असेल असं मला वाटत नाही. मला वाटतं, रीत आधीपासून लोकांच्या हातात होती आणि वराहमिहिरानं ती लिहून घेतली.

काडीच्या डोक्या-पायाचा उलगडा व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९२८ च्या सुमारास हॉलंडमधल्या फ्रिट्स वेंट यांनी दाखवलं, की रोपाच्या शेंड्यात एक वाढद्रव्य तयार होतं. ते शेंड्याकडून खाली उतरतं आणि काडीच्या खालच्या कापाशी साठतं. मुळं तिथंच फुटतात. काडी उलटी रोवली तरी द्रव्याची वाट उलटत नाही, म्हणून ती बहुधा मरते. अशा वाढद्रव्यांना ऑक्सिन म्हणतात. त्याच गटातलं इंडोल अॅसेटिक अॅसिड १९३४ साली उट्रेख्त इथं कोगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं काढलं, तेही माणसाच्या मूत्रातून. पुढच्याच वर्षी त्याच्या जवळचं इंडोल ब्युटिरिक अॅसिड काड्यांना मुळं फोडतं हे अमेरिकेत सिद्ध झालं. कृषी सेवा केंद्रात मुळं फुटण्यासाठी मिळणारी पावडर बहुतेक वेळा त्याचीच असते.

आता घरगुती उपायांबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. शेणाचा लेप वरचा काप बंद करतो, काडीतली ओल उडू देत नाही. त्याचं मोठं काम हे. राख आणि हळद बुरशीला आवर घालतात. मधही कुजणं रोखतो, पण मुळं फोडत नाही. कोरफडीचा गर टोकाला लावला तर ओल टिकते, कोवळ्या काडीला ते बरं पडतं. गोमूत्र वापरायचंच तर भरपूर पाणी घालून पातळ करावं, नाहीतर त्यातल्या क्षारांनी काप करपतो. नारळपाण्याचं कौतुक मला पटत नाही. त्यात कोंब फोडणारी द्रव्यं जास्त, मुळांना त्यांची फारशी मदत नाही. आणि यांतलं काहीही वैशाखातल्या उन्हात लावलेली काडी वाचवू शकत नाही. भरलेलं आभाळ, सावली, निचऱ्याची माती आणि काडी न हलवण्याचा धीर, एवढं असलं तर शेवगा नुसत्या मातीतही येतो.

आमच्या भागात काडीवर सगळ्यात मोठा संसार उभा आहे तो उसाचा. किल्लारीला साखर कारखाना आहे, भोवती तेरणेचं पाणी, आणि लावणीच्या दिवसांत बांधावर टिपऱ्यांचे ढीग. ऊस बियाण्यानं कोणी शेतकरी लावत नाही. दोन डोळ्यांची टिपरी मातीत जाते, कांड्याच्या मूळपट्ट्यातून पहिली मुळं सुटतात, आणि नव्या कोंबाला स्वतःची मुळं येईपर्यंत तीच त्याला जगवतात. जुने शेतकरी टिपऱ्या चुन्याच्या निवळीत भिजवून लावायचे. को ७४० असो की को ८६०३२, एका जातीचा राज्यभरातला ऊस म्हणजे मुळात एकाच रोपाच्या काड्या. म्हणून तर काडीबरोबर रोगही चालत येतो. गवताळ वाढीचा रोग बेण्यातून पसरतो, डाळिंबाचा तेलकट डाग रोगट झाडाच्या कलमातून दूरच्या बागेत जातो. काडी घ्यावी ती निरोगी झाडाचीच. यात भिडस्तपणा नको, झाड सख्ख्या भावाचं असलं तरी.

आमच्या दारातला चाफा जुन्या चाफ्याच्याच फांदीचा. त्याच्या फांद्या गल्लीतल्या लेकी सासरी घेऊन गेल्या, औशाला, निलंग्याला, एक तर पुण्याला गॅलरीतल्या कुंडीत. शेवगा वादळात दोनदा मोडला, आणि दोन्ही वेळा मोडलेल्या फांद्यांतूनच पुन्हा लावला.

जुनी गावठाणं आता बाभळी-बोरींनी भरत चालली आहेत. चौथऱ्यांमधून उभी असलेली जुनी लावलेली झाडं दरवर्षी कमी होतात. कुणी सरपणाला तोडतं, कुणी जागा साफ करताना. ज्यांची घरं तिथं होती त्यांना माझी विनंती आहे. या मृगात एकदा जा, ज्याची जागा आहे त्याला विचारा, निरोगी झाडाची एक फांदी आणून शेणमाती लावून सावलीत रोवा. आणि ती कोणाच्या परसातली, कोणी लावलेली, हे वहीत लिहून ठेवा.