गोत, वतन आणि समेट : मराठेशाहीतील न्यायपद्धतीसंबंधी एक विचार

गुन्हा म्हणजे राजसत्तेच्या आज्ञेचा भंग असे न मानता तो एका माणसाने दुसऱ्याची केलेली हानी होय असे मानावे, ती हानी भरून काढण्याचे दायित्व करणाऱ्यावर टाकावे, आणि उभयतांना पुन्हा एका गावात नांदता येईल अशी तजवीज करावी, हा विचार पाश्चात्य दंडशास्त्रात गेल्या अर्धशतकात चांगलाच रुजला आहे. १९७४ साली कॅनडातील एल्मायरा या गावी दोन तरुणांनी नशेत २२ ठिकाणी नासधूस केली, तेव्हा ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दारी नेऊन त्यांना भरपाई करावयास लावण्यात आले; या विचाराचा आरंभ पुष्कळदा तेथून सांगतात. १९७७ साली निल्स क्रिस्टी या नॉर्वेजियन अभ्यासकाने, तंटा ही वस्तुतः तंटेकऱ्यांची मालमत्ता असून राज्यसंस्थेने व वकिलांनी ती त्यांच्या हातून काढून घेतली आहे, असे प्रतिपादन केले. १९८९ साली न्यूझीलंडने अल्पवयीन अपराध्यांसाठी कुटुंबपरिषदेची पद्धत कायद्याने स्वीकारली. त्यामागे माओरी समाजाच्या परंपरेची प्रेरणा होती. या विचाराला मराठीत 'पुनःस्थापक न्याय' असे म्हणता येईल.

या विचाराचे पुरस्कर्ते जुन्या ग्रामसमाजांचा दाखला वारंवार देतात, आणि आपल्याकडे तो दाखला द्यावयाचा तर प्रथम गोतसभेचेच नाव निघते. तो कितपत खरा आहे, हे मराठेशाहीतील कागदपत्रांच्या आधारे पाहण्याचा येथे हेतू आहे. वि. त्र्यं. गुणे यांचा मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हापासून या कागदांची ठेवण अभ्यासकांच्या परिचयाची आहे. तिचा अर्थ लावण्याचे काम मात्र अद्याप सरलेले नाही.

गोतसभेपुढे तंटा आला म्हणजे प्रथम उभय पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. 'गोत जो निवाडा करील तो आम्हांस मान्य' असा त्याचा आशय असे. वर्तणुकीबद्दल जामीन घेत. मग प्रत्येक पक्ष आपली तकरीर देई. वतनाचा वाद असल्यास पिढ्यान्पिढ्यांची हकीकत करीन्यात मांडी. स्थानिक गोतावर भरवसा नसेल तर वाद परस्थळी, म्हणजे ज्यांचा त्यात लाग नाही अशा गोतापुढे, नेण्याची मुभा होती. साक्षीपुराव्याने उलगडा न झाल्यास शेवटचा उपाय दिव्याचा. निवाडा झाल्यावर हरलेला पक्ष यजितखत लिहून देई, म्हणजे आपला दावा खोटा होता व पुढे कधी उकरून काढणार नाही अशी स्वहस्ते कबुली देई. जिंकणाऱ्याकडून सरकारात हरकी जाई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी. महजरावर देशमुख-देशपांड्यांपासून बलुतेदारांपर्यंत हजर असलेल्यांची नावे व निशाण्या पडत. पाटलाचा नांगर सर्वांच्या ओळखीचा आहे.

या साऱ्या रीतीत यजितखताचे महत्त्व विशेष आहे. आजच्या न्यायालयात हरलेल्या पक्षाने काही कबूल करावे अशी अपेक्षा नसते; त्याने हुकूम पाळला की झाले. गोतसभेला तेवढ्याने भागत नव्हते. हरलेल्याने गोतासमक्ष 'मी हरलो' म्हणावे, तरच तंटा संपला असे ती मानी. क्रिस्टी ज्याला तंट्याची मालकी म्हणतात ती येथे पक्षकारांकडेच होती, असे म्हणावयास हरकत नाही.

फौजदारी स्वरूपाच्या अपराधांतही हीच दृष्टी दिसते. पातक घडले म्हणजे त्याचे दोन भाग पडत. सरकारात भरावयाचा तो राजदंड, आणि ब्राह्मणांच्या निर्णयाने घ्यावयाचे प्रायश्चित्त तो ब्रह्मदंड. दोन्ही उरकल्यावर अपराधी जातीत घेतला जाई, आणि त्याची खरी खूण म्हणजे त्याच्यासह झालेली पंगत. (नारायणरावांच्या खुनाबद्दल रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले ही कथा सर्वश्रुत आहे. कथेची ऐतिहासिकता बाजूस ठेवली, तरी मृत्युदंडासाठीही परंपरेने 'प्रायश्चित्त' हाच शब्द जपला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.) खुनाच्या प्रकरणातही मारणाऱ्याच्या घराण्याने मयताच्या घराण्यास जमीन किंवा वतनाचा अंश देऊन वैर मिटविल्याचे दाखले मिळतात.

येथवर चित्र मनोहर आहे. तथापि हा समेट कोणासाठी होता, हा प्रश्न विचारताच ते पालटू लागते.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात पूर्वीच्या अमलात विशेष क्रौर्य नसलेल्या खुनाला बहुधा दंडावरच सोडीत, वाटमारीला मात्र सामान्यतः देहान्त शिक्षा होई, असे नमूद आहे. कारणही त्याने दिले आहे : वाटमारी करणारे बहुधा खालच्या जातींतले असत, आणि शिक्षेतील भेद अपराधाच्या स्वरूपापेक्षा अपराध्याच्या जातीवरून अधिक ठरे. परक्या अधिकाऱ्याचे म्हणणे म्हणून हे झटकून टाकण्याची सोय नाही, कारण आपल्याच दप्तरांतील नोंदी त्याला दुजोरा देतात. किल्ल्यांवर बेडी घालून इमारतीच्या कामी लावलेले कैदी, बदकर्माच्या आरोपावरून बटकी करून विकलेल्या किंवा कारखान्यांत ठेवलेल्या बायका, या अठराव्या शतकातील कागदांत जागोजाग भेटतात. या बायकांकडून कोणी राजीनामा लिहून घेतला नाही. पंगतीचा प्रश्न तर उद्भवलाच नाही.

तेव्हा एकाच काळी, एकाच मुलखात दोन न्याय नांदत होते. त्यांतील फरक गुन्ह्याच्या लहानमोठेपणाने उलगडत नाही. केवळ जातीनेही तो पूर्णपणे उलगडतो असे मला वाटत नाही. माझ्या मते त्याची किल्ली वतनात आहे. वतनदार गावाला खिळलेला होता. त्याला हाकलून दिले तरी त्याचा हक्क, त्याचे मान, त्याच्या भाऊबंदांचा दावा मागे उरेच. पाटलाशी वैर असलेल्या भाऊबंदाला उद्याही त्याच पांढरीत राहावयाचे होते. ज्याला काढून टाकता येत नाही त्याच्याशी समेटच करावा लागतो. गोताची समेटबुद्धी दयेतून उपजली नव्हती, या नाइलाजातून उपजली होती. जो उपरा, ज्याचे गावात काही अडकलेले नाही, किंवा जी स्त्री, जिचे वतनात स्वतःचे नाव नाही, तिच्यासाठी गोताला एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. महाराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. शिवेच्या तंट्यात त्याची साक्ष मोलाची, कारण शीव राखणे हे त्याचे वतनी काम. म्हणून महजरावर त्याची निशाणी पडते. परंतु तेवढ्याने पंगतीत त्याला जागा मिळत नाही.

ही उपपत्ती ग्राह्य मानली तर एल्फिन्स्टनच्या प्रयोगाचे अपयशही समजू लागते. त्याला पंचायत टिकवावयाची होती. तिचे दोष दाखवूनही दिवाणी न्यायाचे मुख्य साधन तिलाच करावे, अशी त्याची शिफारस होती. परंतु पंचायतीचे बळ पंचांच्या शहाणपणात कधीच नव्हते. ते होते भोवतालच्या दडपणात. धनकोने ऋणकोच्या दारी माणूस बसवून त्याचे बाहेर पडणे, प्रसंगी जेवणही अडविणे, हा तगादा त्या दडपणाचा एक प्रकार. एल्फिन्स्टनने त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. कलेक्टराच्या कचेरीत दाद मिळू लागताच दडपण ओसरले, आणि त्याबरोबर पंचायतीला मान्यता देण्याची गरजही ओसरली. १८२७ च्या विनियमांनंतर तिचे स्थान उभयपक्षी संमतीने होणाऱ्या लवादापुरते उरले. इंग्रजांनी आपली पंचायत बुडविली असे आपण हळहळून म्हणतो. पण त्या दडपणाखाली भरडल्या जाणाऱ्या ऋणकोला कचेरीचे दार उघडल्याचे दुःख झाले असेल, असे मानावयास आधार नाही. कचेरीने पुढे त्याची जी अवस्था केली ती वेगळी. १८७५ चे दंगे त्याची साक्ष देतात.

गोताचा हा दुहेरी वारसा आपल्या राज्यात अलीकडेही दिसून आला. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली व गावातले तंटे गावातच मिटविणाऱ्या गावांना बक्षिसे दिली. पुढे २०१६ साली त्याच राज्याच्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्कार हा अपराध ठरविणारा कायदा करावा लागला, तो मुख्यतः जातपंचायतींच्या निवाड्यांमुळे. समेट घडविणारी सभा आणि वाळीत टाकणारी सभा या दोहोंचे कूळ एकच आहे.

आजवर आपण महजर आणि निवाडपत्रे छापली, कारण ती वतनदारांच्या घराण्यांनी जपून ठेवली होती. ज्यांचा समेट झालाच नाही त्यांचे कागद कोणत्याही घराण्याने जपले नाहीत. ते असलेच तर किल्ल्यांच्या जमाखर्चात, कैद्यांच्या शिध्याच्या नोंदींत आणि पुणे कोतवालीच्या दप्तरात आहेत. मोडी वाचू शकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आता तिकडे वळावयास हवे.