बोलायचं बटण

जुन्या वायरलेस सेटचा इतिहास सांगताना ट्रान्समीटर आणि अँटेनावर पानंच्या पानं भरतात. हातातल्या माइकला एक ओळही मिळत नाही. वास्तविक एकाच वाहिनीवर आळीपाळीने बोलायच्या सेटमध्ये सगळा भार माइकवरच्या बटणावर असतो. ते दाबलं की ऐकणं थांबतं आणि सेट बोलू लागतो. इतक्या वेळा दाबलं जाणारं, घामट हातात राहणारं आणि ताणल्या जाणाऱ्या वायरला लटकलेलं दुसरं काही सेटमध्ये नसतं, म्हणून बिघाडही बहुधा तिथेच होतो. डोंबिवलीवरून जाणाऱ्या मेल आणि मालगाड्यांचे चालक-गार्ड वॉकी-टॉकीवर बोलतात, तेव्हा या गावाला ही गोष्ट परकी नाही. माझं म्हणणं असं, की माइक तपासायच्या रीतीत यंत्रांच्या कितीतरी पिढ्यांचा इतिहास साठला आहे.

आवाज घोगरा आला की जुने लोक माइक तळहातावर आपटतात. ही सवय कार्बन माइकच्या काळातली. त्यात कोळशाचे कण असतात, आवाजाच्या दाबाने त्यांचा रोध बदलतो आणि ओलाव्याने ते घट्ट बसतात. आपटलं की मोकळे होतात. दुसऱ्या महायुद्धातले बरेच लष्करी सेट याच माइकवर चालत. परदेशी सामान आणणं अवघड होतं, त्या काळात आपल्याकडच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींनी युद्धानंतर मोडीत निघालेले सेट घेऊन चालवले. कार्बनला सेटमधून वीज लागते, म्हणून माइकच्या पिनवर व्होल्टेज येतंय का, हे बघायची पद्धत पडली. पुढे डायनॅमिक माइक आला. त्याला बाहेरची वीज लागत नाही. 1962 मध्ये बेल लॅबमध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी इलेक्ट्रेट माइक केला, त्याच्या पोटातल्या ट्रान्झिस्टरसाठी थोडं व्होल्टेज पुन्हा लागू लागलं आणि ती जुनी तपासणीही परत आली.

कुणी म्हणेल, यात इतिहास कसला, सोप्या ठिकाणापासून सुरुवात करणं ही साधी अक्कल आहे. काही अंशी ते खरं. अँटेनाच्या जागी डमी लोड लावून सॉकेटवरच बटणाची पिन ग्राउंडला टेकवायची. सेट बोलू लागला तर दोष माइकमध्ये किंवा वायरमध्ये, नाही तर सेटमध्ये. मग मल्टिमीटर बीपवर लावून, बटण दाबून धरून, वायर माइकमध्ये शिरते तिथे हलवायची; बीप तुटला तर तार तिथे तुटलेली. हे अकलेने सुचेल. पण कुठल्या माइकला व्होल्टेज हवं आणि कुठल्याला नको, हे अक्कल सांगत नाही. ते माणसाकडून माणसाकडे आलेलं ज्ञान आहे. नवा माइक स्वस्त मिळतो, हा आक्षेपही पुरा पडत नाही. केनवूड, आयकॉम, येसू यांचे आठ पिनांचे गोल सॉकेट दिसायला सारखे असले तरी आतली जोडणी वेगळी असते, म्हणून हाती आलेला माइक चालेलच असं नाही.

उरला आक्षेप, की मोबाइल असताना असा सेट हवा कशाला. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, उल्हास नदीने कल्याण-बदलापूरचा परिसर बुडवला, आणि ठिकठिकाणी फोन व मोबाइल मुके झाले. अशा वेळी टॉवरवाचून चालणारा सेट लागतो, आणि त्या सेटचं बटण चालावं लागतं. डोंबिवलीत ज्यांच्याकडे असा जुना सेट आहे, त्यांनी माइक भंगारात देण्याआधी त्याच्या पिनांची जोडणी कागदावर उतरवून सेटच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी.