चाळ आणि कूड

गिरणगावच्या चाळींना आज वारसा म्हणतात. लांब गॅलरी, ओळीने खोल्या, सामाईक संडास. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ साली सरकारने इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापला. पुढे त्याच्याही चाळी उठल्या. पण गिरणीत जात सुटली नाही. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणकाम खाते अस्पृश्यांना बंद!

गिरण्यांपासून दूर आमच्या डहाणू-तलासरीत वारल्याने कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपली, वर गवत शाकारले. झोपडी त्याची, जमीन सावकाराची. वेठ नाकारली तर हाकलले जाण्याचे भय. १९४५च्या मे महिन्यात झरीला हजारो वारली जमले, वेठ नाकारली.

त्या कुडाचे मोजमाप कोण ठेवणार? वास्तूचा इतिहास लिहिताना विटांआधी विचारले पाहिजे: जमीन कोणाची होती?